फोटो का हलतो?

हाती धरलेल्या कॅमेऱ्यासाठी शटरच्या वेगाची निवड

(शनिशिंगणापूर परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव दोन गोष्टींसाठी देशभर ओळखले जाते. एक म्हणजे डोक्यावर छप्पर न घेता, ऊन, वारा व पाऊस अंगावर झेलीत चौथऱ्यावर उभी असलेली श्रीशनैश्वराची पुरुषभर उंचीची काळी शिला. दुसरी म्हणजे घराला चौकट असावी, परंतु कवाड नसावे, ही येथील परंपरा. २०११ साली युको बँकेने या गावात शाखा उघडली, तेव्हा कुलूप नसलेल्या बँकेची वार्ता वृत्तपत्रांतून सर्वदूर पोहोचली. या दोन्ही गोष्टी पाहण्यासाठी माणसे येतात आणि जाताना त्यांचे छायाचित्र घेऊन जातात.

शनिवारी, आणि विशेषतः शनिवारी अमावास्या आली म्हणजे, येथे माणसांचा पूर लोटतो. दूरच्या गावाहून आलेले एखादे कुटुंब दर्शन आटोपून बाजूला उभे राहते. थोरला मुलगा कॅमेरा किंवा मोबाईल वर धरतो, मागून धक्का लागतो, तो घाईघाईने बटण दाबतो. घरी गेल्यावर छायाचित्र मोठे करून पाहावे, तो आजीचा चेहरा पुसट, शिलेची कड दुहेरी आणि दिव्यांच्या जागी वेड्यावाकड्या रेघा! मग सर्वांच्या तोंडून एकच वाक्य निघते, ‘फोटो हलला.’

खरे पाहता फोटो हलत नाही, कॅमेरा हलतो. कॅमेरा हलणारच, कारण जिवंत माणसाचा हात कधीही पूर्णपणे निश्चल नसतो. श्वास चालू असतो, नाडी उडत असते, स्नायूंना सूक्ष्म कंप असतो. प्रश्न एवढाच की, हा कंप चित्रात उमटू द्यावयाचा किंवा नाही. त्याचे उत्तर बटण दाबण्यापूर्वी निवडावयाच्या एका लहानशा अपूर्णांकात आहे. त्या अपूर्णांकास शटरचा वेग म्हणतात.

कुटुंबाचे छायाचित्र बिघडले तर हळहळ वाटते. पुढच्या खेपेस ते पुन्हा घेताही येते. परंतु गारपिटीने झोपलेल्या गव्हाचे छायाचित्र, पुराच्या पाण्याने भिंतीवर सोडलेल्या खुणेचे छायाचित्र किंवा पाडावयाच्या जुन्या शाळागृहाचे छायाचित्र पुन्हा घेता येत नाही. पीक काढले जाते, भिंत रंगविली जाते, इमारत जमीनदोस्त होते. मागे राहतो तो दफ्तरातील कागद आणि त्यास जोडलेले चित्र. ते वाचता आले नाही तर त्या कागदाचा एक डोळा गेला असेच समजावे. म्हणूनच हा विषय हौशी छायाचित्रकारापुरता नाही. तो ग्रामपंचायतीचा, शाळेचा आणि शासकीय कर्मचाऱ्याचाही आहे.

सेकंदाचा अंश

कॅमेऱ्यात भिंगाकडून आलेला प्रकाश फिल्मवर किंवा संवेदकावर पडतो. त्या वाटेवरची झडप म्हणजे शटर. ती किती काळ उघडी राहते, हे सेकंदाच्या अंशात सांगतात. १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० ही तिची नेहमीची चढण. प्रत्येक पायरीला काळ सुमारे निम्मा होतो आणि आत येणारा प्रकाशही निम्मा होतो. झडप उघडी असेपर्यंत जे जे हलेल, ते ते चित्रात रेघ ओढून जाईल. झडप जितकी लवकर मिटेल, तितकी रेघ आखूड.

छायाचित्रणाच्या आरंभी ही अडचण अशा स्वरूपात नव्हती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या प्रारंभीच्या भारतीय सदस्यांपैकी एक आणि नामांकित छायाचित्रकार. त्या काळातील ओल्या काचेवर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. कॅमेरा तिवईवरच ठेवावा लागे आणि समोरच्या माणसाला श्वास रोखून बसावे लागे. पुढे १८८० नंतरच्या दशकात कोरड्या व अधिक संवेदनशील काचा प्रचारात आल्या आणि कॅमेरा हातात घेणे शक्य झाले. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. २४ × ३६ मिलिमीटर एवढेसे चित्र घेणारा हा कॅमेरा खिशात मावू लागला. कॅमेरा तिवईवरून हातात आला, त्याच दिवशी हाताचा कंपही चित्रात आला.

आपल्याकडे एके काळी घरोघरी पोहोचलेल्या अ‍ॅग्फा क्लिक-३ या कॅमेऱ्यात शटरचा वेग एकच असे. तो बदलण्याची सोय नव्हती. म्हणून जाणती माणसे सांगत, सूर्य पाठीशी घ्या, कोपरे अंगाशी धरा आणि खटका हळूच दाबा. आजच्या कॅमेऱ्यात वेग बदलता येतो. तरीही बहुतेक जण तो कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडून देतात आणि मग हाताला दोष देतात.

नियम आणि त्यामागील गणित

हाती धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुनाजाणता नियम असा: भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये जितके असेल, शटरच्या अपूर्णांकाचा छेद त्याहून लहान असू नये. ५० मिलिमीटरच्या भिंगास १/५० किंवा त्याजवळचा १/६०, १०० मिलिमीटरच्या भिंगास १/१०० किंवा १/१२५, २०० मिलिमीटरच्या भिंगास १/२००, शक्य तर १/२५०. हा नियम २४ × ३६ मिलिमीटरच्या चित्रासाठी आहे. अनेक कॅमेऱ्यांतील संवेदक त्याहून लहान असतो. तेथे नाभीय अंतरास दीडने गुणावे. म्हणजे ५० मिलिमीटरचे भिंग ७५ चे समजावे आणि १/८० अथवा १/१०० हा वेग घ्यावा.

हा नियम कोठून आला, हे शाळेतील भूमितीने समजते. समजा, हाताच्या कंपामुळे कॅमेरा सेकंदाला एक अंश या गतीने वळत आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाखाली प्रतिमा सेकंदाला सुमारे ०.८७ मिलिमीटर सरकेल. १/६० सेकंदात ती सरकेल ०.०१५ मिलिमीटर. आता तोच हात, तीच थरथर, परंतु भिंग २०० मिलिमीटरचे घेतले तर १/६० सेकंदात प्रतिमा चौपट, म्हणजे सुमारे ०.०५८ मिलिमीटर सरकेल. छायाचित्रणात रूढ असलेली रेखीवपणाची मर्यादा ०.०३ मिलिमीटर आहे. पहिले चित्र तिच्या आत राहिले, दुसरे बाहेर गेले. दुसऱ्या वेळी शटरचा वेग १/२५० केला की सरकणे पुन्हा ०.०१४ मिलिमीटरवर येते. चित्र आठ पटींनी मोठे करून छापले, तर ०.०५८ ची रेघ जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची होते आणि ती डोळ्यांना स्पष्ट दिसते.

दूरचे जवळ आणणारे भिंग हाताची थरथरही जवळ आणते, असे या गणिताचे सार सांगता येईल. गर्दीच्या मागे उभे राहून लांबचे दृश्य ओढून घेणाऱ्या छायाचित्रकारास म्हणूनच सर्वांत अधिक वेग लागतो.

मात्र हा नियम म्हणजे किमान मर्यादा आहे. २४ मेगापिक्सेलच्या मोठ्या संवेदकावर एका बिंदूची रुंदी सुमारे ०.००६ मिलिमीटर असते. जुन्या फिल्मवर लपून जाणारा कंप तेथे मोठे करून पाहिल्यास दिसतो. चित्र मोठ्या आकारात छापावयाचे असेल, किंवा त्यातील फलकावरची बारीक अक्षरे वाचावयाची असतील, तर छेद दुप्पट धरावा. ज्यांचा हात वयामुळे वा श्रमामुळे अधिक कापतो, त्यांनीही तसेच करावे. यात कमीपणा काहीच नाही.

काळ्या शिलेचा धडा

शिंगणापूरची शिला स्वयंचलित कॅमेऱ्यास हमखास फसविते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकास समोर काळे आहे की पांढरे, हे कळत नाही. समोरचे सर्व काही मध्यम करडे असावे, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. चौकटीचा बराच भाग तैलाभिषेकाने चकाकणाऱ्या काळ्या पाषाणाने व्यापला, की त्यास वाटते प्रकाश फारच अपुरा आहे. मग तो झडप गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी ठेवतो. जेथे १/२५० पुरला असता, तेथे तो १/६० निवडतो. परिणाम दुहेरी होतो. काळी शिला करडी, फिकी दिसते आणि लांबच्या भिंगाखाली हाताचा कंपही उमटतो. लोक म्हणतात, आज हात हलला. वस्तुतः हात नेहमीइतकाच हलला होता, वेग मात्र चौथाईवर आला होता.

उपाय सोपा आहे. प्रकाशाच्या दुरुस्तीचे बटण उणे १ वर, चौकट बव्हंशी काळी असेल तर उणे २ पर्यंत न्यावे. चित्र काळ्याला काळे दाखवील आणि शटरचा वेग दुपटीने किंवा चौपटीने वाढेल. मोबाईलवर शिलेऐवजी शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट ठेवावे, किंवा पडद्यावरील प्रकाशाची पट्टी खाली ओढावी. अर्थात देवस्थानाने जेथे छायाचित्रणास अनुमती दिली असेल तेथेच कॅमेरा काढावा, हे सांगावयास नको.

हाच धडा शेतात आणि कचेरीतही लागू पडतो. नांगरलेल्या काळ्या रानात उभे राहून घेतलेले चित्र, डांबरी रस्त्याच्या कामाचे चित्र, काळ्या फळ्यापुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांचे चित्र, या सर्व ठिकाणी कॅमेरा असाच फसतो.

कवाड नसलेली चौकट

भर दुपारी उघड्या उन्हात प्रश्नच नसतो. आय.एस.ओ. १०० या संवेदनशीलतेस एफ/१६ छिद्र ठेवल्यास १/१२५ वेग मिळतो. छिद्र एफ/८ केले तर तोच वेग १/५०० होतो. बहुतेक भिंगांना एवढे पुरे आहे. अडचण उंबऱ्याच्या आत सुरू होते. शिंगणापूरच्या घराची चौकट बाहेरच्या उन्हात लख्ख दिसते, पण दोन पावले आत टाकताच प्रकाश शेकडो पटींनी कमी होतो. आपले डोळे थोड्याच वेळात सरावतात, म्हणून ही घट जाणवत नाही. कॅमेरा मात्र हिशेबाचा पक्का. आय.एस.ओ. १००, छिद्र एफ/२.८ असताना तो १/८ सेकंद मागतो, आणि १/८ सेकंद हातात धरवत नाही.

अशा वेळी तीन वाटा असतात. छिद्र मोठे करावे, संवेदनशीलता वाढवावी किंवा झडप अधिक वेळ उघडी ठेवावी. पहिल्या वाटेला भिंगाची मर्यादा आहे. शिवाय छिद्र मोठे झाले की रेखीव अंतराची पट्टी अरुंद होते. तीन रांगांत बसलेल्या ग्रामसभेची पहिली रांग स्पष्ट येईल, तिसरी पुसट होईल. तिसरी वाट कंपाकडे नेते. म्हणून दुसरी वाट धरावी. आय.एस.ओ. ४०० केले की १/३० मिळतो, ८०० केले की १/६०. ५० मिलिमीटरचे भिंग १/६० वर हातात निभावते.

येथे पुष्कळ जण कचरतात. संवेदनशीलता वाढविली म्हणजे चित्रात दाणे दिसतात, असे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे. परंतु दाणेदार चित्रातील अक्षर वाचता येते, हललेल्या चित्रातील अक्षर वाचता येत नाही. दाणे म्हणजे ज्वारीत मिसळलेले चार खडे, ते डोळा वेगळे काढू शकतो. कंप म्हणजे पाण्यात विरघळलेले मीठ. एकदा विरघळले की निवडून काढता येत नाही. यास्तव क्रम असा ठेवावा: प्रथम हाताला झेपेल असा वेग ठरवावा, नंतर विषयाला लागेल तेवढे छिद्र, आणि उरलेली तूट संवेदनशीलतेने भरून काढावी. या भाषणातील एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे.

चौकट कवाडाशिवाय असली तरी छायाचित्रकारास ती मोठी उपयोगी आहे. तिला खांदा टेकवून उभे राहिल्यास शरीराचे डोलणे बरेच थांबते. भिंत, झाडाचे खोड, बैलगाडीची साटी, वर्गातील बाक यांपैकी काहीही चालते. आधार नसेल तर पायांत खांद्याएवढे अंतर ठेवावे, कोपरे बरगड्यांशी टेकवावीत, डावा तळवा भिंगाखाली धरावा आणि कॅमेरा कपाळाशी लावावा. श्वास अर्धा सोडून थांबावे आणि बटण ठोकण्याऐवजी हळुवार दाबावे. बटण दाबल्यावरही क्षणभर तसेच राहावे. लागोपाठ तीन चित्रे घ्यावीत. पहिल्यात बोटाचा झटका असतो, दुसरे पुष्कळदा स्थिर येते.

तिवई जवळ नसल्यास दोन घरगुती युक्त्या आहेत. कापडी पिशवीत शेर-दोन शेर ज्वारी भरून ती भिंतीवर किंवा बाकावर ठेवावी व तिच्यात कॅमेरा रुतवावा. दुसरी युक्ती दोरीची. तिवईसाठी कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या आट्यात स्क्रू बसवून त्याला दोरी बांधावी, दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणलेली ठेवावी. एवढ्यानेही वेगाची एक पायरी खाली उतरता येते.

हात स्थिर, विषय चंचल

पुसट आलेले प्रत्येक चित्र हाताच्या कंपाचे नसते. दोष ओळखावयाची रीत सोपी आहे. संपूर्ण चित्रात, स्थिर भिंतीसकट, एकाच दिशेने दुहेरी कडा दिसत असतील तर कॅमेरा हलला. भिंत रेखीव आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला. माणूस पुसट, पण त्याच्या मागचे किंवा पुढचे झाड रेखीव असेल, तर भिंगाचे अंतर चुकले. आणि सर्व चित्रावर धुक्यासारखा पडदा असेल, दिव्यांभोवती तेज पसरले असेल, तर भिंगाची काच पुसावी. तेलाचे बोट लागलेली काच हे शिंगणापुरात वारंवार आढळणारे कारण होय.

नाभीय अंतराचा नियम केवळ हाताच्या कंपाचा बंदोबस्त करतो. विषय हलत असेल तर त्याची गती पाहून वेग ठरवावा लागतो. संथ चालणाऱ्या माणसास १/१२५ ते १/२५०, धावणाऱ्या मुलास १/५००, कबड्डीतील झेपेस त्याहून अधिक. आजच्या अनेक भिंगांत व कॅमेऱ्यांत कंप शोषून घेणारी यंत्रणा असते. अशी यंत्रणा असलेले अदलाबदल करता येणारे भिंग १९९५ साली कॅनन कंपनीने प्रथम बाजारात आणले. तिच्यामुळे हात दोन-तीन किंवा अधिक पायऱ्या खाली उतरू शकतो. परंतु ती आपला हात सावरते, समोरच्याचे पाय सावरीत नाही. या यंत्रणेच्या भरवशावर १/१५ वर घेतलेल्या ग्रामसभेच्या चित्रात भिंत उत्तम येते आणि हात वर करून ठरावास संमती देणारे सभासद पुसट येतात.

सभागृहातील ट्यूबलाइटचीही एक गंमत आहे. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा. त्यामुळे जुन्या धर्तीची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. फार वेगवान शटर ठेवल्यास चित्र कधी उजळ, कधी काळवंडलेले येते, कधी त्यावर आडवे पट्टे उमटतात. तेथे १/५० किंवा १/१०० हा वेग ठेवावा.

सायंकाळी सूर्य मावळल्यावर काही मिनिटे आकाशात उजेड असतो आणि दिवेही लागलेले असतात. आय.एस.ओ. १०० व एफ/४ यांना तेव्हा साधारण १/३० मिळतो. संवेदनशीलता ४०० केल्यास १/१२५, ८०० केल्यास १/२५०. म्हणजे २०० मिलिमीटरचे भिंगही हातात धरता येते. जो हे गणित मनात करून आला, त्याला या वेळेचे चित्र मिळते.

अमावास्येच्या गर्दीत मात्र नियमाच्या दुप्पट वेग ठेवलेला बरा. तेथे केवळ हात थरथरत नाही, शेजारच्याचा धक्काही लागतो. वाहनातून चित्र घेतानाही असेच. एस.टी.च्या खिडकीच्या गजावर कोपर टेकविले, की इंजिनाची सगळी थरथर कॅमेऱ्यात उतरते. आधार नेहमीच हितकारक असतो असे नाही, थरथरणारा आधार निराधारापेक्षा वाईट. गोपाळ बोधे यांनी हेलिकॉप्टरमधून महाराष्ट्रातील किल्ल्यांची छायाचित्रे घेतली आणि आकाशातून दिसणारे गडांचे रूप घराघरांत पोहोचविले. हवाई छायाचित्रणात वाहनाच्या सांगाड्याला अंग टेकवू नये आणि शटर १/५०० ते १/१००० किंवा त्याहूनही वेगवान ठेवावे, असा दंडक आहे. तो एस.टी.च्या प्रवाशालाही तितकाच लागू आहे.

नेवाशाचा खांब आणि दफ्तरातील चित्र

शिंगणापूरच्या तालुक्याचे ठिकाण असलेल्या नेवाशात पैस खांब आहे. ज्ञानेश्वरी ज्याच्या सान्निध्यात सांगितली गेली अशी श्रद्धा आहे, तो हा पाषाणस्तंभ. त्यावर प्राचीन लेख कोरलेला आहे. शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन अशा ठिकाणी जातात, तेव्हा लेखाचे छायाचित्र घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. मंदिरात उजेड मंद असतो, अक्षरे झिजलेली असतात आणि कोरीव रेघेची रुंदी थोडी असते. येथे कॅमेरा किंचित हलला तरी काना आणि दगडावरची चीर यांत फरक राहत नाही. अनुमती घेऊन, खांबाला हात न लावता, समोरच्या भिंतीला पाठ टेकवून, वेग आधी ठरवून चित्र घेतले, तर तेच चित्र वर्गात वाचनपाठ होऊ शकते. महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळांना, गधेगळांना आणि मंदिरांच्या तुळयांवरील लेखांना हीच रीत लागू आहे. पावसाने झिजत चाललेल्या अक्षरांचे आजचे रेखीव चित्र उद्याच्या अभ्यासकास मूळ दगडाइतकेच मोलाचे ठरेल.

दफ्तराचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र मोबाईलवर घेऊ लागला. सातबाऱ्यावरील पीकनोंदीस त्याच्या हातातील चित्राची जोड मिळाली. ज्याने आयुष्यभर पाभर धरली, त्याच्या हाती आता पुरावा गोळा करण्याचे साधन आले. हा बदल लहान नाही. परंतु वारा सुटलेला, सायंकाळ झालेली आणि एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात बैलाचा कासरा, अशा अवस्थेत घेतलेले चित्र कापूस आहे की तूर, हे सांगू शकत नाही.

मोबाईलवर बहुधा वेग निवडावा लागत नाही, परंतु वेगाला साह्य करता येते. मोबाईलचे मुख्य भिंग २४ ते २८ मिलिमीटरच्या भिंगासारखे रुंद दृश्य घेते. म्हणजे १/३० पर्यंत ते हातात निभावते. पडद्यावर दोन बोटांनी दृश्य मोठे करीत गेल्यास कंपही मोठा होतो. म्हणून शक्य तेथे चार पावले पुढे जावे. मोबाईल दोन्ही हातांनी धरावा. पडद्यावर बोट आपटण्याऐवजी कडेचे आवाजाचे बटण वापरावे, किंवा दोन सेकंदांची मुदत लावावी. रात्रीच्या विशेष सोयीत मोबाईल अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र करतो. तेवढा वेळ तो भिंतीला टेकवून ठेवावा. काच पदराने अथवा रुमालाने पुसावी. वारा असेल तर झोत ओसरण्याची वाट पाहावी. वाऱ्यालाही श्वास असतो आणि दोन श्वासांच्या मध्ये कणीस क्षणभर उभे राहते.

पंचनाम्याच्या वेळी आणखी एक पथ्य पाळावे. चित्र घेताच ते जागेवर मोठे करून पाहावे. संपूर्ण चित्र लहान पडद्यावर नेहमीच रेखीव भासते. एखादे अक्षर, पानाची शीर किंवा विटेची कड निवडून ती मोठी करावी. ती दुहेरी दिसली तर तेथेच दुसरे चित्र घ्यावे. नुकसान झालेला शेतकरी समोर उभा असतो, त्याचे लक्ष आपल्या हाताकडे असते. घरी किंवा कचेरीत पोहोचल्यावर दोष कळून काय उपयोग? तोवर त्याने शेत मोकळे केलेले असते, आणि त्याच्या बाजूने बोलू शकणारा एक साक्षीदार मुका झालेला असतो.

समारोप

ही विद्या खर्चाची नाही. भारी भिंग घेऊनही १/१५ वर झटक्याने बटण दाबणाऱ्याचे चित्र हलते आणि साध्या कॅमेऱ्याने, चौकटीला खांदा टेकवून, १/१२५ वर घेतलेले चित्र रेखीव येते. शाळेतील शिक्षकांनी सातवी-आठवीच्या मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. भिंतीवर छापील अक्षरांचा कागद लावावा, ज्या कॅमेऱ्यात वेग बदलता येतो असा एखादा कॅमेरा मिळवावा, आणि एकाच अंतरावरून १/१५, १/३०, १/६०, १/१२५ व १/२५० या वेगांनी प्रत्येकाने पाच-पाच चित्रे घ्यावीत. कोणत्या वेगापर्यंत पाचही चित्रांतील अक्षरे वाचता येतात, ते वहीत लिहून ठेवावे. ती त्या त्या हाताची मर्यादा. अपूर्णांक, कोन आणि प्रकाश यांचे तीन धडे त्यात आपोआप होतात. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आणि कर्मचाऱ्यांनीही असा एक तास काढल्यास तो वाया जाणार नाही.

शिंगणापूरची घरे कवाडाशिवाय उभी राहिली, ती माणसाच्या शब्दावरील विश्वासामुळे. दफ्तरातील छायाचित्रावरही वाचणाऱ्याचा असाच विश्वास असतो. जे तेथे होते, ते येथे जसेच्या तसे आले आहे, असे तो धरून चालतो. त्या विश्वासास पात्र ठरण्यासाठी छायाचित्रकाराने फार मोठे काही करावयाचे नसते. वेग आधी ठरवावा, कोपरे अंगाशी घ्यावीत, श्वास अर्धा सोडावा आणि मग बटण दाबावे.